येरे माझ्या मागल्या

कोर्दोबात दुपारी दुकानं झोपतात.
तळघरातला चुंबक झोपत नाही.
नेलिदा ओव्हिएदो त्याला द्रव नायट्रोजन पाजते,
वाफ फरशीवर उतरून तिचे घोटे हुंगते,
मग ती माते ओतते
(माते म्हणजे आई नव्हे, तिथला कडूजहर चहा)
आणि नळीत सोडते चिमूटभर नारिंगी पूड.

पुडीत अणुकेंद्रं, सगळ्यांची तोंडं एकीकडे,
शिट्टीसरशी पटांगणात उभी राहिलेली मुलं जशी.
मग कुजबुज सुरू होते.
हा त्याला सांगतो, तो दोघांना, दोघं सोळांना,
आणि डोळ्याचं पातं लवायच्या कितीतरी आधी
इथे रांग होती, हे कुणाच्या गावीही नसतं.

हरवलेलं नाही, नेलिदा म्हणते.
इतक्यांत वाटलं गेलंय
की एकट्यादुकट्याला विचारून कळायचं नाही.

म्हणून ती काळ उलटा फिरवते.
(लिहायला एक ओळ. करायला अकरा महिने.)
एक स्पंद, आणि सगळे मागल्या पावली:
सोळांकडून दोघांकडे, दोघांकडून
पडद्यावरची रेघ मान उचलते.
पडसाद.
पण खुजा.

तिने स्वतःला दोष दिला.
स्पंद घासूनपुसून घेतले, केबल बदलली,
रात्री लिफ्ट बंद ठेवायला लावली,
सफाईवाल्या एउलोहियाला म्हणाली,
बाई, ती बादलीची गाडी उचलून न्याल का, ढकलू नका.
चूक निम्मी झाली. मग दहावा हिस्सा.
पडसाद तेवढाच, हट्टी, उंबऱ्याइतका.

ऑगस्टच्या थंडीत, हातमोज्यांतली बोटं बाहेर काढून,
तिने आकडे एकाखाली एक मांडले
आणि बराच वेळ पेन्सिल नुसती धरून बसली.
हाताचा दोष नव्हता.
त्या गर्दीची स्वतःचीच घुसळण अशी
की केसाएवढी चूक द्या, ती तिचा दोरखंड वळते;
किती परतणार ते ठरतं
जाताना पावलं कशी भिरभिरली त्यावर.

येरे माझ्या मागल्या, आपण किती सहज म्हणतो,
खोड जात नाही म्हणून, वैतागून.
इथे एक बाई वर्षभर तेच म्हणत होती, विनवून,
आणि मागलं येत होतं,
अर्धंमुर्धं, ओळख न पटण्याइतकं.

झालं का? दारातून एउलोहिया.
पाठ धरलीय माझी, त्या गाडीपायी.
ढकला आता, नेलिदा म्हणाली. खुशाल ढकला.

चाक करकरत गेलं मार्गिकेच्या टोकापर्यंत,
वळलं, करकरत परत आलं.
पडद्यावर रेघेने मान उचलली,
कालच्याएवढीच.