हाड

आमच्या पार्कात माणसांना नावं नसतात.
चेस्टनटखालच्या बाकावर बसतो तो डोरिसचा बाबा,
लाल टोपीतली ती मफिनची आई.
शेफिल्डच्या या चढावर सहा वर्षं राहून
शेजाऱ्यांशी हवेपाण्याच्या पलीकडे न गेलेले आम्ही
चिवडा आला त्या आठवड्यात
चिवड्याच्या घरचे झालो.

चिवडा म्हणजे पिवळ्यावर काळे, तांबूस ठिपके
आणि कढीपत्त्याच्या पानासारखा दुमडलेला एक कान.
नाव रेवाने ठेवलं.
इथल्या जिभांवर त्याचा शिवाडा होतो,
तरी तो शेपूट हलवतो.
मी अजून माझं नाव दुरुस्त करत बसते.

मे महिन्यात बार्शीहून मामंजी आले.
सातवीत असताना सरकारी दवाखान्यात
पोटात चौदा इंजेक्शनं घेतलेला माणूस.
पहिल्या दिवशी पार्काच्या फाटकातच थांबले,
छत्री तलवारीसारखी धरून.
डोरिस आली, करडी ग्रेहाउंड,
नुसत्या बरगड्या आणि संकोच,
आणि मामंजी ओरडले,
हाड! हाड!

अख्खं पार्क वळलं.
डोरिस खालीच बसली.
तिच्या बाबाने अदबीने विचारलं, म्हणजे काय?
मी म्हणाले, हाड म्हणजे… हाड. कुत्री चघळतात ते.
खोटं नव्हतं. पुरतं खरंही नव्हतं.
"भला माणूस दिसतो," तो म्हणाला,
"आल्या आल्या जेवायचं विचारतो."

मग ते पसरलं.
मफिनच्या आईने उचललं, कोपऱ्यावरच्या जुळ्यांनी उचललं,
रविवारी गवतभर हाड, हाड,
आणि बार्शीत ज्या शब्दाला
ढुंगणाला पाय लावून पळाली असती
ती जात जीभ काढून धावत यायची.
"सूनबाई, तू यांना काय सांगितलंस?"
मी हिरव्या पिशवीला गाठ मारत राहिले.
त्या पिशवीचंही त्यांना पटलं नव्हतंच.
"एवढं उचलायचंच तर म्हैस पाळायची,
निदान गोवऱ्या झाल्या असत्या."

जुलैत एका सकाळी डोरिसचा बाबा एकटा आला.
कोटाच्या खिशातून पट्ट्याची कडी लोंबत होती.
कुणी विचारलं नाही. इथे विचारत नाहीत.
मफिनला घेऊन तिची आई लांबून गेली.
माझ्याकडे वाक्यं होती,
सगळी कार्डांवर छापलेली असतात तशी.

मामंजी उठले.
इंग्रजीत त्यांना थँक्यू येतं, आणि टू मच.
त्याच्या शेजारी बसले, चिवड्याचा पट्टा त्याच्या हातात दिला
आणि म्हणाले, "धरा जरा. तंबाखू मळायचीय."
बराच वेळ मळत होते.
तेवढी तंबाखू त्यांच्याकडे नव्हती.

पुढे रोज दोघं काय बोलत, देव जाणे.
एकदा पाहिलं, मामंजी बेंबीभोवती बोट फिरवून
चौदा जागा मोजून दाखवतायत,
आणि तो शर्टाची वरची बटणं काढून
बायपासचा व्रण.
त्या संध्याकाळी जेवताना मामंजी म्हणाले,
"विल्फला वांगं चालत नाही."
विल्फ कोण, आम्ही विचारलं.
घास हातात धरून
त्यांनी आमच्याकडे नुसतं पाहिलं.

आता ऑक्टोबर. मामंजी परत गेलेत.
बाकावर चेस्टनटची फळं टपटपतात,
विल्फच्या खिशात बिस्किटं असतात,
कुणाचंही कुत्रं दिसलं की तो हाक मारतो, हाड,
मऊ, शेवटाला जरा लांबवून.
सगळ्यात आधी चिवडा पोचतो.
रेवाला खरा अर्थ ठाऊक आहे. ती गप्प राहते,
बदल्यात माझ्याकडून अर्धा तास जास्त मोबाइल घेते.

रात्री फोनवर मामंजी आधी विचारतात,
विल्फ येतो का?
येतो, मी सांगते. स्वेटर घालतो का? घालतो.
मागे बार्शीच्या गल्लीत काहीतरी भुंकतं.
ते फोन बाजूला धरून तिकडे वळतात
आणि म्हणतात, हाड.

कोणतं, ते मला नीट ऐकू आलं नाही.