पाऊणपट

मस्कटीनला नदीकाठी अजून सापडतात शिंपा,
गोल भोकं पाडलेल्या, चाळणीसारख्या.
भोकांमधून निघाली ती बटणं
जगभरच्या सदऱ्यांवर गेली.
उरलं ते काठावर फेकून दिलं.

व्हर्ना हागेमानची आई त्या कारखान्यात होती.
पाण्यात राहून राहून बोटं कायम सुरकुतलेली.
लायल नौदलात गेला तेव्हा
तिनं त्याच्या निळ्या पँटची बटणं मोजली.
तेरा. एकही शिंपेचं नाही.
"प्लॅस्टिक," म्हणाली,
आणि इस्त्री तापत ठेवली.

हे मला व्हर्ना सांगते
मंगळवारी आणि शुक्रवारी,
मी तिच्या पायांचं ड्रेसिंग बदलत असते तेव्हा.
बटणं कधी तेरा असतात, कधी अकरा.
भावाचं वय चुकत नाही:
एकोणीस, वर चार महिने.

त्याला समुद्र बघायचा होता.
वाट्याला आली नदी,
आणि फायबरची एक होडी, चौघांची,
ओंजळभर पाण्यातही पळणारी.
त्यानं लिहिलं होतं:

"व्हर्नी, इथलं पाणी आपल्यासारखंच गढूळ आहे,
पण ते फिरतं. शपथ.
दुपारी वाहून गेलेला नारळ
संध्याकाळी परत येतो, ओळखीचा वाटतो.
ओहोटीला आम्ही खाली खाली जातो
आणि काठ वर राहतो.
ते मला आवडत नाही.
हे आईला वाचून दाखवू नकोस."

चौदा वर्षांच्या मुलीनं
नारळापर्यंत वाचलं
आणि घडी घातली.
आई गेली, तोवर तिच्यासाठी पत्र तिथंच संपत होतं.

"नदी खरंच उलटी वाहते का गं कुठं?"
एका शुक्रवारी तिनं विचारलं.
इतकी वर्षं कुणाला विचारणार?
इथली नदी आपली एकाच दिशेनं,
बर्फ घेऊन, मक्याचे पडाव घेऊन,
एखादं मेलेलं हरीण घेऊन.

वाहते, म्हटलं.
माझे बाबा जैतापूरच्या खाडीत तरीवर होते.
मनगटात घड्याळ नव्हतं, तोंडात तिथी होती.
तिथीच्या पाऊणपट केलं
की भरतीची वेळ हाती येते.
चतुर्थीला तीन. अष्टमीला सहा.
पुनवेला उधाण, अष्टमीला भांग.
खाडी काही ठेवून घेत नाही, असंही म्हणायचे,
तिसऱ्या दिवशी आणून देते.
हे मात्र मी बोलले नाही.
हागेमानांकडे पेटी आली होती,
वर कागद चिकटवलेला, उघडू नका.

"मग काढ," व्हर्ना म्हणाली.
काय?
"चोवीस फेब्रुवारी, एकोणसत्तर. रात्रीचे नऊ."

हातमोजे काढले.
फोनवर जुनं पंचांग मिळालं.
फाल्गुन शुद्ध अष्टमी.
आठाच्या पाऊणपट सहा.
सहाला भरलं असेल, तर नऊला
मी थांबले.
हे गणित आमच्या खाडीचं,
त्या परक्या नदीला लागू पडतं की नाही
देव जाणे. तसं तिला सांगितलंसुद्धा.
"तरी सांग."

डाव्या पायाची शेवटची पट्टी राहिली होती.
ती लावली. कडा दाबल्या.
पाणी उतरत होतं, म्हटलं.

ती मान हलवत राहिली,
उशिरा का होईना, वही जुळलेल्या दुकानदारासारखी.
"मग काठ उंच असणार."

आणि उजवा पाय पुढे केला.