खांब क्रमांक सतरा

आमच्या कार्यालयात समुद्राची नोंद नाही.
नमुना आठमध्ये घरं आहेत,
चिऱ्याची, पत्र्याची, कुलूप लावलेली,
विहिरी आहेत टीसीएल पावडरीच्या तारखांसकट,
पण खाडीच्या मुखाशी हद्द संपते
असं नकाशा म्हणतो.

मी लिपिक. जन्म लिहितो, मृत्यू लिहितो,
घरपट्टीच्या पावत्या फाडतो,
आणि मे महिन्यात खारवीवाडीच्या बायका
रिकामे हंडे घेऊन दारात आल्या
की व्हॉल्व्हवाल्या शशीला फोन लावतो.
(हे माझं काम नाही. पण फोन माझ्या टेबलावर आहे.)

त्या वर्षी वित्त आयोगाच्या पैशातून
एक्केचाळीस खांबांवर नवे दिवे आले,
पांढरे, वीज वाचवणारे.
सरपंचांनी नारळ फोडला.
इस्माईल वायरमन जुने पिवळे उतरवून
गोणीत भरत गेला,
आणि गाव एका रात्रीत
दवाखान्यासारखं दिसू लागलं.

आठव्या दिवशी धाकू खवळे आला,
चपला बाहेर, पाय ओले.
मला लिवता येना नाय, म्हणाला, तू लिव.
"आमका सतराचो दिवो पिवळो होयो."
एवढंच?
"एवढाच."

अर्जाला कारण लागतं, म्हणून विचारलं.
त्याने माझं पेपरवेट पुढे सरकवलं,
शिक्क्याची डबी त्याच्या मागे ठेवली.
ही डबी म्हणजे टॉवरचा तांबडा.
हे पेपरवेट म्हणजे आपला बंदरावरचा सतरा.
दोन्ही एका रेघेत आले की सुकाणू आत.
आता सगळेच पांढरे, त्यात सतरा कुठला शोधायचा?
आणि रेघ चुकली तर...
बोट टेबलभर फिरलं, थांबलं
जन्म-मृत्यूच्या वहीवर.
"हय वाळूचो दांडो."

मासिक सभेत एक सदस्य म्हणाले,
एका खांबाला पिवळा दिला
तर उद्या प्रत्येक वाडी रंग मागेल.
ग्रामसेविका रेवाळे बाई म्हणाल्या,
अंदाजपत्रकात पिवळ्याची तरतूद नाही.
बाई घाटावरच्या.
समुद्राला त्या अजून 'पाणी' म्हणत.

त्याच संध्याकाळी त्या धाकूच्या होडीत बसल्या.
बाहेर जाऊन, अंधार पडू देऊन,
मागे वळून गाव बघितलं म्हणे.
काय दिसलं, ते सांगितलं नाही.
सकाळी साडीच्या काठाला मीठ होतं
आणि त्यांनी ठरावाचं रजिस्टर मागितलं.

विषय: खांब क्रमांक सतरावर पूर्वीचाच दिवा बसविणे.
खर्च: निरंक.
इस्माईलने गोणी उपसली.

लेखापरीक्षक दरवर्षी विचारतात,
एक्केचाळीस खरेदी, चाळीस बसविले, एक कुठे?
कपाटात आहे, साहेब, खोक्यासकट.
ते खोकं उघडून बघतात,
शेरा लिहितात. आम्ही खुलासा लिहितो.
खुलाशात समुद्र येतो
तेव्हा ते चहा मागवतात.

रात्री कुलूप लावून मी बंदरावरून जातो.
जमिनीवरून तो काहीच वाटत नाही,
जुनाट, किडे चिकटलेला,
खाली एक कुत्रं झोपलेलं.

धाकूची पट्टी दोन वर्षं थकली आहे.
मार्चमध्ये नोटीस मीच काढली:
घरपट्टी इतकी, पाणीपट्टी इतकी.
दिवाबत्ती कराचा रकाना वेगळा असतो.
तिथे पेन जरा अडखळलं.
मग आकडा लिहिला. नियम आहे.