थंड चाकं

सळईच्या गाड्यांची डिझेलवही
सात वर्षं माझ्याच टेबलावर आहे.
तारीख, लिटर, किलोमीटर, तूट, सही.

डिसेंबरात गहिनीनाथची गाडी
बदनापूरच्या फेऱ्यांना जास्त प्यायला लागली,
तेव्हा मी लाल पेनानं गोल केला
आणि मालकांना न सांगता
त्याच्या भत्त्यातून चौदाशे कापले.

तो भांडला नाही.
"म्याडम, बदनापूर वीस किलोमीटर.
रबर जागं व्हायच्या आत माल उतरतोय.
एकदा गेवराईपर्यंत चला,
मग काय कापायचं ते कापा."

गेले.
पहाटे चारला, स्वेटरवर शाल, शालीवर मफलर,
क्लीनर पोरगा मागच्या बाकावर मुटकुळं करून.
चौदा चाकं, अठ्ठावीस टन.
निघण्याआधी त्यानं टायरला हात लावायला लावला.
रांजणाच्या पोटासारखं गार,
आणि रात्रभर उभं राहून
जमिनीकडे जरासं बसलेलं.

अंबडपर्यंत गाडी कण्हत होती.
तो स्टिअरिंगवरचा हात न काढता सांगत होता,
"चाक फिरतं म्हन्जे दबतं, उठतं, पुन्हा दबतं.
दबताना जेवढं घेतं
तेवढं उठताना माघारी देत न्हाई.
मधलं खातंय."
कुठं जातं ते?
"कुठं जातंय! तेच तापतंय की.
आन् तापलं की कमी खातंय."

मी गप्प झाले.
माझ्या वहीत एक तूट दुसरीला
कधीच कमी करत नाही.

वडीगोद्रीच्या पुढं केव्हातरी
कण्हणं थांबलं. नेमकं कुठं, सांगता येणार नाही.
गोदावरीच्या पुलावर ओलं धुकं आलं,
तो म्हणाला, "आता थोडं माघारी जाईल बगा,"
आणि मला खरंच काही कळलं नाही.

शहागडला चहा.
पुन्हा हात लावला.
भाकरी उतरवून चूल विझवल्यावर
बऱ्याच वेळानं तवा असतो, तसं.
पोरानं गेज लावला, काटा पुढं सरकलेला,
तो हवा सोडायला वाकला
तशी गहिनीनाथनं त्याच्या मनगटावर चापट मारली.
"गरम चाकाची हवा सोडायची नसती, येड्या!
उद्या गार झाल्यावर उपाशी राहील ते.
अन् उपाशी चाक जास्त तापतं,
फुटंस्तोर तापतं."

गेवराईहून मी एसटीनं परतले.
खिडकी बंद होत नव्हती.

चौदाशे परत दिले, तेही मालकांना न सांगता.
लाल गोल तसाच आहे.
त्याच्याशेजारी शेऱ्याच्या रकान्यात
बारीक अक्षरात लिहिलंय: थंड चाकं.

मार्चमध्ये ऑडिटवाले आले.
चष्मा कपाळावर ढकलून विचारलं,
हा कसला शेरा?
बाहेर फाटकाशी एक गाडी नुकतीच लातूरहून आली होती,
दुसरी रात्रीपासून उभी.
मी म्हटलं, आधी दोन्हींना हात लावून या.