थाप

दहा नखं कापायला मला अख्खा तास लागला.

बावीस वर्षं मी फोन्सेकातल्या बायकांची नखं करते,
नवऱ्या मुलींची, बँकेतल्या बायकांची,
एकदा तर पेटीत निजवलेल्या दोना नेउझाचीसुद्धा:
फिकट गुलाबी. रंग तिनंच सांगून ठेवला होता.
पण माझी स्वतःची, लांब, लाल, बदामी टोकांची,
ती माझ्या दुकानाची पाटी.
बुधवारी रात्री कापली,
आणि वर्तमानपत्राची घडी केराच्या डब्यावर नेली तेव्हा
हात जरा आखडला.

ताइना म्हणाली होती, आधी नखं.
जांभळ्या पट्ट्याची पोर, महिन्यातून एकदा यायची,
बोटांना चिकटपट्ट्या, एक कान सुजून कोबीसारखा.
रंग लावायला तिच्या नखांवर जागाच नसे.
नुसते हात माझ्या हातांत देऊन बसायची.
झुलेइदे, तुझी पकड चांगली आहे, म्हणायची.

बाकीच्या त्या खुर्चीत बसून थापा मारतात.
पायरीवरून पडले. दार लागलं.
मुलगा लिस्बनमध्ये साहेब आहे.
मी ऐकते. रंगावर फुंकर घालते. दुसरा हात मागते.

अंगठी साबण लावल्यावर निघाली.
खालची कातडी इतकी कोवळी
की ती या लग्नात कधी आलीच नव्हती जणू.

किमोनो ताइनाच्या भावाचा,
ब्लीचच्या वासाचा, बाह्या चार बोटं लांब.
पट्टा बांधायचा व्हिडिओ आम्ही दोघांनी सात वेळा पाहिला,
ओट्यापाशी उभं राहून, कुकरमध्ये काळा घेवडा.
शेवटी वाल्देसीर म्हणाला, सरक.
तो फेरीबोटीवर दोरखंड बांधतो,
नितेरॉय ते रिओ, रिओ ते नितेरॉय.
त्यानं मारलेल्या गाठीनं
भरतीतलं जहाज जागेवर राहिलं असतं.
असंच जा, म्हणाला, वरून कोट घाल.

चारनंतर काही खायचं नाही, असा नियम.
साडेपाचला मी अर्धा चीजपाव खाल्ला.
उरलेला अर्धा, जिन्यात.

जिना टायरवाल्याच्या बाजूनं चढतो.
वर चटईच्या कडेला चपलांची रांग,
सगळ्यांची तोंडं दाराकडे,
म्हणजे पळून जायची सोय यांनी आधीच केलेली.
मीही माझ्या तशाच ठेवल्या.

आदेमीर मास्तरांना ती गाठ सोडवायला पाच मिनिटं लागली.
कुणी बांधली ही?
बोटीनं, मी म्हटलं.
सगळी पोरं हसली, आणि मला बरं वाटलं.

मग त्यांनी मला पाठीवर निजवलं.
पाठ लागली म्हणजे संपलं, एवढं मलाही ठाऊक होतं.
ते म्हणाले, नाही. इथून सुरू होतं.
पण आज तेही नाही. आज फक्त थाप.
दुखायच्या जरा आधी, दोनदा, समोरच्याच्या अंगावर.
हात अडकले तर पायानं, जमिनीवर.
तोंडानं काही बोलावं लागत नाही.

त्यांनी माझा दंड हळूच मागे वळवला.
छताला एक पंखा होता, त्याचं एक पातं वाकडं.
मी त्याच्याकडे बघत राहिले.
काही नाही, म्हटलं, ठीक आहे.
त्यांनी हात सोडून दिला.
ही नव्हे, म्हणाले,
ही तर तुला मारता येतेच.

पुन्हा.

खांद्यात कळ यायच्या आधी,
नखं नसलेली, हलकी, कुणा परक्या बाईची वाटावीत अशी बोटं
त्यांच्या बाहीवर आपटली. एक. दोन.
आणि सुटले.
इतक्या चटकन मला कधी कुणी सोडलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी पहिलंच गिऱ्हाईक, इराँदिना, पोस्टातली.
अगं, नखं कुठं गेली तुझी?
भांडी घासताना तुटली, मी म्हटलं,
सगळी? दहाच्या दहा?
आणि तिच्याकडे दुसरा हात मागितला.