ओळंबा

भांडुपच्या खोलीत
दादा अजून ओळंबा सोडून बघतात.
भिंत दोन सूत बाहेर आहे म्हणे.

पितळेचा आहे. मस्कतला
डेक्लन नावाच्या आयरिश फोरमनने दिलेला,
निघायच्या आदल्या दिवशी,
सिमेंटच्या गोणीच्या कागदात गुंडाळून.
त्याच्याही गावातले तरणे सगळे बाहेर,
लोकांची घरं बांधायला,
नि स्वतःच्या घराला कुलूप.
दोघं पिंपावर बसून
हातांनीच बोलायचे:
आई एवढी. गाय एवढी.
समुद्र असा, इकडून.

मी विचारलं, एकूण किती मजले बांधलेत तिकडे?

दादांनी दोरी धरली.
खाली पितळ हलत राहिलं.
"आधी पंखा बंद कर," म्हणाले,
"मग सांगतो."

पंखा बंदच होता.