पावणेसहा सूत

इंजिन अठ्ठ्याहत्तर सालचं.
गिअरबॉक्स मिरजेच्या भंगारातला,
दोन हजार सहाचा, पाच गिअरचा,
पाठीवर पिवळ्या खडूनं लिहिलेलं: चालू.
माझ्याबद्दल असं कुणी लिहून देत नाही.

भूपाल मगदूम म्हणाला, बसव.
जत-सांगली वडापाला सव्वीस वर्षं पळवली त्यानं ही जीप.
जुना बॉक्स कवठ्याच्या अलीकडं फुटला,
दातांचा चुरा तेलात चमकत होता,
मी चाळणीत धरून दाखवला, त्यानं बघितलं नाही.
पण इंजिन बदलू देईना.
"आवाज लांबनं वळखून ढालगावची माणसं
पिशव्या उचलायची."

दोघांना समोरासमोर ठेवलं.
इकडं सहा भोकं, तिकडं आठ.
जुळणारी दोन, तीही
जुळल्यासारखी.
मग बॉक्सच्या कडेला ग्रीस फासलं
नि कॅलेंडरचा गेला ऑगस्ट उलटा करून दाबला.
भोकं उमटली काळी, गोल,
एक नेमकं नागपंचमीच्या पाठीवर.

कागद गुंडाळून कुपवाडला, शिकलगारांच्या लेथवर.
हुसेनभाई सुतात बोलतात.
"पावणेसहा सूत ठेव."
त्यांची रुबिना डिप्लोमावाली:
"अठरा एमेम, अब्बा."
फरक पाव मिलिमीटरचा.
त्यावर दोन चहा झाले.
बाजारात प्लेट मिळाली वीसची.
रुबिनानं चकमध्ये धरली, फेस मारत गेली,
निळ्या सळसळत्या चुऱ्यात उभी राहून
जिथं थांबायचं तिथं थांबली.
किती ठेवली, म्हाताऱ्यानं विचारलं नाही,
नुसता अंगठा फिरवला कडेवरून
नि गनमेटलचा बुश कातायला घेतला.

फ्लायव्हीलला डायल लावून
ती मला म्हणाली, फिरवा हळू.
पान्यानं इंजिन फिरवलं. काटा हलला.
बारा शतांश.
खोला.
डॉवेल पिना काढल्या, घासल्या, बसवल्या. सात.
खोला.
बाहेर एमआयडीसीचा भोंगा झाला, डबे उघडले,
कुणीतरी लसणाची चटणी पुढं केली.
तीन.
"आता राहू दे," ती म्हणाली,
नि पहिल्यांदाच हात पुसले.

रात्री जीपखाली मी उताणा,
पोटावर बॉक्स, नाकावर तेलाचा थेंब.
स्प्लाइन दात दाखवत होती, आत जाईना.
शिव्या दिल्या. मग शिव्या न देता
जरासा डावीकडं डुलवला,
नि तो गेला,
कडी न घातलेलं दार लोटावं तसा.
बोल्ट हातानं फिरले. सगळे.
तिथंच पडून राहिलो थोडा वेळ.

सकाळी भूपालनं चावी दिली.
तोच आवाज, तीच खोकल्यासारखी सुरुवात.
समोरच्या पानपट्टीवाल्यानं मान वर केली.
"मागं घेतो," म्हणाला,
दांडा डावीकडं, वर,
सव्वीस वर्षं रिव्हर्स जिथं होता तिथं,
नि जीप पुढं आली.
कॉम्प्रेसरपासून हातभर अंतरावर थांबली.
तिथं आता पहिला आहे, मी म्हटलं.
"मग पहिला कुठाय?"
पहिला होता तिथं दुसरा.
"नि मागचा?"
उजवीकडं, खाली, तळाला.

त्यानं दांड्याकडं बघितलं,
गोटीवरचा नकाशा झिजलेला,
भंगारात कुणाच्या तरी तळव्यानं आधीच पुसलेला.
इंजिनाला प्लेट बनवली.
शाफ्टला बुश बनवला.
मगदूमच्या हातासाठी कुपवाडला जाऊन काय सांगू,
किती सूत?

संध्याकाळी दंडोबाच्या चढाला घेऊन गेलो.
मी शेजारी बसून सांगत होतो,
वर, खाली, मध्ये, वर.
तिसऱ्याला जीप न कुरकुरता ओढत होती.
वळणावर तो चुकला, बंद पाडली,
मागनं ट्रॅक्टरवाला ओरडला.
"थांब की वो," भूपाल म्हणाला,
ट्रॅक्टरला का स्वतःच्या हाताला, कळलं नाही,
नि दांडा न्यूट्रलमध्ये
दोन्ही बाजूंना हलवत बसला,
अंधारात खिसा चाचपावा तसा.